कुडोझवर पॉइंट द्यायची घाई नको, पण लोकांना ताटकळतही ठेवू नका

इंग्रजी-मराठी भाषांतरात नव्यानं येणारी बरीच मुलं-मुली विचारतात की प्रोझवर प्रोफाइल तर केलंय, आता कामं कशी मिळणार. रेट किती लावायचा, सीव्ही कसा लिहायचा हे सगळे सांगतातच, त्यामुळे मी त्यांना आधी कुडोझबद्दल सांगते. कारण तिथे आपण दुसऱ्याला पॉइंट कसे देतो याकडे नवीन माणूस बिलकुल लक्ष देत नाही, आणि मराठीसारख्या छोट्या पेअरमध्ये (म्हणजे इंग्रजी-मराठी अशा भाषाजोडीत) त्याचा परिणाम फार मोठा होतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोझ.कॉम ही हेन्री डॉटरर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली अमेरिकेतली साइट, जगभरचे फ्रीलान्स भाषांतरकार आणि एजन्सीवाले तिथे असतात. कुडोझ हा तिचा शब्दमदतीचा भाग. तुमचा एखादा शब्द अडला की तो तिथे टाकायचा, लोक उत्तरं देतात, उत्तर देणारा स्वतःला किती खात्री आहे ते १ ते ५ मध्ये दाखवतो, बाकीचे जाणकार त्यावर अ‍ॅग्री, डिसअ‍ॅग्री किंवा न्यूट्रल करतात. शेवटी ज्यानं प्रश्न विचारला तो एक उत्तर निवडतो आणि जास्तीत जास्त ४ पॉइंट देतो. पॉइंट एकालाच, बाकीच्यांनी अर्धा दिवस घालवून शोधाशोध केली असली तरी त्यांना काही नाही.

आता कुणी म्हणेल पॉइंटच ना, त्याचं काय एवढं. पण प्रोझच्या डायरेक्टरीत एखादा क्लायंट जेव्हा इंग्रजी-मराठी भाषांतरकार शोधतो तेव्हा नावं वर-खाली लागतात ती याच पॉइंटांवर (पैसे भरलेले मेंबर आधी, मग बाकीचे). इंग्रजी-स्पॅनिशमध्ये वरच्या लोकांकडे हजारोंनी पॉइंट असतात, तिथे चार इकडे काय तिकडे काय. आपल्या पेअरमध्ये मुळात प्रश्नच कमी येतात, त्यामुळे एका प्रश्नाच्या चार पॉइंटांनी माणूस डायरेक्टरीत वर सरकू शकतो, म्हणजे सरळ सरळ कुणाला तरी काम मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न आहे हा. तुम्ही प्रश्न बंद करताना जे बटण दाबता ते एवढं वजनाचं आहे हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो घाईनं. मागे एक प्रश्न आला होता, 'कन्सिडरेशन', करारातला शब्द, संदर्भ काहीही दिलेला नाही. दहाएक मिनिटांत पहिलं उत्तर आलं, 'मोबदला', खात्री ५ पैकी ५, आणि विचारणाऱ्यानं लगेच चार पॉइंट देऊन प्रश्न बंद केला. आता मोबदला हे चुकीचं अजिबात नाही. महाराष्ट्रात खरेदीखताची नोंदणी झाली की जी सूची क्रमांक २ मिळते त्यावर मोबदला हाच शब्द छापलेला असतो, कुणाच्याही घरातली कागदपत्रं काढून बघा. पण १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातली जी संकल्पना आहे तिला कायद्याच्या मराठीत 'प्रतिफल' म्हणतात, आणि ते नेहमी पैशातच असतं असं नाही, एखादी गोष्ट करण्याचं किंवा न करण्याचं वचन हेही प्रतिफल असू शकतं. नंतर समजलं की मूळ मजकूर गोपनीयतेचा करार होता, त्यात पैशाची देवघेवच नव्हती. कायद्याचं काम रोज करणारी एक ताई संध्याकाळी ऑनलाइन आली, तिला हे सगळं माहीत होतं, तोवर प्रश्न बंद, पॉइंट वाटून झालेले. यात पहिल्या उत्तरवाल्याचा दोष नाही, त्याला जेवढं दिसलं त्यावर त्यानं उत्तर दिलं. दोष आहे तो प्रश्न तसाच टाकण्याचा आणि थांबण्याची तयारी नसण्याचा.

म्हणून निदान २४ तास थांबा. साइटसुद्धा हेच सुचवते, आणि त्यामागे साधं कारण आहे. मराठीचे जाणकार सगळे काही पुण्या-मुंबईत बसलेले नाहीत. तुम्ही सकाळी दहाला प्रश्न टाकलात तर न्यू जर्सीत मध्यरात्र असते, लंडनमध्ये पहाट, सिडनीत दुपार. शिवाय आपल्याकडे भाषांतर करणारे कितीतरी जण दिवसा नोकरी करतात आणि रात्री जेवणं आटोपल्यावर लॉगिन करतात, आणि बऱ्याचदा त्यांच्या नोकरीतच तुम्हाला हवं ते ज्ञान असतं, कुणी बँकेत आहे, कुणी फार्मा कंपनीत आहे, कुणी कोर्टात. तासाभरात प्रश्न बंद केला तर पॉइंट फक्त दिवसभर स्क्रीनसमोर असणाऱ्यालाच मिळणार, मग त्याला विषय येवो न येवो. वेगाबद्दल पॉइंट द्यायचे नसतात, मदत झाली त्याबद्दल द्यायचे असतात. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेल्या प्रश्नाला तर मी सोमवारपर्यंत हातच लावत नाही.

हमखास विचारतात ते म्हणजे, अहो पण माझी डेडलाइन दोन तासांवर आहे. तर डेडलाइन तुमच्या फाइलची आहे, पॉइंटांची नाही. त्या क्षणी जे उत्तर सगळ्यात पटतंय ते वापरा, फाइल द्या, एजन्सीला मेलमध्ये एक ओळ लिहा की अमुक शब्दाची खात्री करतेय, बदल असेल तर उद्या कळवते, आणि प्रश्न उघडाच ठेवा. एजन्सीवाले याला वाईट मानत नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी खरोखर नीट कारणासहित बदल कळवला तर तुमच्याबद्दल त्यांचं मत चांगलंच होतं.

दुसऱ्या टोकाचं पण बघा. उत्तर मिळालं, काम झालं, पैसे आले आणि प्रश्न महिनोन्महिने तसाच लटकलेला. उत्तर देणाऱ्यानं न्यायव्यवहार कोश काढला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघितला, परिच्छेदभर स्पष्टीकरण लिहिलं, आणि विचारणारा पुन्हा फिरकलाच नाही. हे मला घाईपेक्षाही जास्त लागतं, कारण घाईत निदान कुणाला तरी काहीतरी मिळतं. आपल्या पेअरमध्ये उत्तर देणारी माणसं मोजकीच, ती एकदा कंटाळली की पुढच्या प्रश्नाला उत्तरच येत नाही. प्रश्न टाकला की लगेच फोनमध्ये दोन-तीन दिवसांनंतरचं रिमाइंडर लावून टाका, म्हणजे विसरायला होत नाही. एकही उत्तर चाललं नाही तर तसं सांगून पॉइंट न देता प्रश्न बंद करता येतो, तेही प्रामाणिकपणाचंच आहे, उगाच कुणाचं मन राखायला चार पॉइंट देऊ नका.

निवडायचं कसं, तर अ‍ॅग्री मोजून निवडू नका. अ‍ॅग्री कुणी दिलाय आणि सोबत काय लिहिलंय ते वाचा. मेडिकल करणाऱ्या माणसाचा कारणासहित एक अ‍ॅग्री हा नुसत्या चार अ‍ॅग्रींपेक्षा भारी. डिसअ‍ॅग्री आला म्हणून उत्तर लगेच बाद करू नका, आधी त्याचं कारण वाचा, कारण नसेल तर विचारा. खात्री ५ लिहिलीय म्हणून भुलू नका, काही जणांची ती सवयच असते, उलट मी पाहिलंय की ३ लिहिणारा बऱ्याचदा जास्त शोधून आलेला असतो. आणि हल्ली मशीनमधून काढलेलं उत्तर तसंच चिकटवणारे वाढलेत, त्यांना एवढंच विचारा की हा शब्द कुठे वापरलेला पाहिलात. ज्यानं खरंच शोधलंय तो कोशाचं नाव, शासन निर्णय, कायद्याचं कलम काहीतरी दाखवतो.

ओळखीपाळखीचं पण स्पष्ट बोलते. मराठी भाषांतरकारांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि मग 'जरा अ‍ॅग्री दे ना' असे मेसेज येतात. देऊ नका. मागू पण नका. ज्येष्ठ माणसाचं उत्तर आहे म्हणून त्यांना पॉइंट आणि नवीन मुलीचं उत्तर जास्त बरोबर असूनही तिला काही नाही, हे मी होताना बघितलंय आणि अशी मुलगी मग परत उत्तर द्यायला येत नाही. आदर असेल तर फोन करून आभार माना, पॉइंट उत्तरालाच जाऊ देत.

तुम्ही स्वतः उत्तर देणाऱ्या बाजूला असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, निवडायचा अधिकार विचारणाऱ्याचा आहे. निकालावर जाहीर वाद घालायची तिथे पद्धत नाही आणि घालूही नये, तुमचा मुद्दा प्रश्न उघडा असताना मांडा. प्रो आणि नॉन-प्रो हा फरकही समजून घ्या, दोन्ही भाषा येणारा कुणीही कोश न बघता सांगू शकेल असा प्रश्न नॉन-प्रो धरतात आणि त्याचे पॉइंट डायरेक्टरीच्या क्रमाला लागत नाहीत. त्यामुळे 'टेबल'ला मराठीत काय म्हणतात असल्या प्रश्नांवर तुटून पडण्यात काही अर्थ नाही. तुम्हाला जो विषय खरंच येतो त्यात थोडीच पण भरीव उत्तरं द्या, संदर्भ जोडा.

प्रश्न विचारताना मात्र संदर्भ द्यायला कंजूषी करू नका, पूर्ण वाक्य, कागद कसला आहे, वाचणारा कोण आहे, मजकूर महाराष्ट्रासाठी आहे की गोव्यासाठी. क्लायंटचं नाव, रकमा, पेशंटची माहिती काढून टाका. आणि बंद करताना जी नोंद साइटच्या ग्लॉसरीत, म्हणजे शब्दसंग्रहात, जाते ती नीट तपासा, कारण पाच वर्षांनी कुणीतरी नवीन माणूस तोच शब्द शोधत तिथे येणार आहे आणि त्याला फक्त तेवढंच दिसणार. वरच्या उदाहरणात 'मोबदला' आणि 'प्रतिफल' दोन्ही लिहून कुठे कुठला ते एका ओळीत सांगितलं असतं तर ती नोंद दोघांच्याही कामाची झाली असती. ज्यांना पॉइंट देता आले नाहीत त्यांच्यासाठीही बंद करताना दोन शब्द लिहायची सोय असते, तिथे त्यांच्या उत्तरातलं काय उपयोगी पडलं ते लिहा, मिनिटभराचं काम आहे.