व्हिडिओतून चांगला फोटो हवाय? एका फ्रेमवर थांबू नका

'यातला हा चेहरा जरा मोठा करून दे' म्हणून माझ्याकडे जे येतं, तो बहुतेक वेळा स्क्रीनशॉट असतो, आणि तोही व्हॉट्सॲपवर दहा हात फिरून आलेला. त्यावर मी वेळ घालवत नाही. मूळ व्हिडिओ फाइल मागवते; व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे ती दाबली जात नाही.

मूळ फाइल मिळाली तरी फार हुरळून जाऊ नका. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, जेमतेम २ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी छापली तर साडेसहा इंचही रुंद होत नाही. त्यातून बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठवलेली असते, म्हणून गडद लाल कपड्याची कड नेहमी फिसकटलेली दिसते.

फ्रेम निवडताना व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवायचा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जायचं. माणूस बोलत असताना ओठ आणि हात पुसट येतात. बोलणं थांबून हसू चेहऱ्यावर स्थिरावतं ना, तिथे घुटमळा. आय-फ्रेमच (शेजारच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम) शोधा, ती जास्त स्वच्छ असते, असा सल्ला मिळेल. खरं आहे, पण डोळे मिटलेली आय-फ्रेम घेऊन काय करायचं?

टेपवरच्या जुन्या पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) व्हिडिओत (७२० × ५७६) हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. एफएफएमपेग या फुकट व्हिडिओ साधनातला 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर लावून आधी त्या घालवा. त्यातले पिक्सेल चौरस नसतात. ४:३ चं चित्र ७६८ × ५७६ केलं नाही, तर चेहरे उभट दिसतात.

आता खरं काम. निवडलेल्या फ्रेमच्या आगेमागे माणूस फारसा हललेला नाही अशा आठ-दहा फ्रेम पीएनजीमध्ये काढा. प्रत्येक फ्रेम आधी २०० टक्के मोठी करा. मग फोटोशॉपमध्ये 'लोड फाइल्स इन्टू स्टॅक' घ्या, आपोआप जुळवण्याची आणि स्मार्ट ऑब्जेक्टची अशा दोन्ही खुणा करा आणि स्टॅक मोड 'मीडियन' ठेवा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला सगळ्या फ्रेममधली मधली किंमत मिळते. फुकटात करायचं तर ह्युजिनसोबत येणारं 'अलाइन इमेज स्टॅक' फ्रेम जुळवतं आणि इमेजमॅजिक त्यांचा मीडियन काढतं.

यात जादू नाही. हातातला कॅमेरा किंचित थरथरतो, त्यामुळे पापणीची कड एका फ्रेममध्ये पिक्सेलच्या मधोमध पडते, पुढच्या फ्रेममध्ये दोन पिक्सेलच्या सीमेवर. मोठं करून जुळवल्यावर हे तुकडे एकमेकांना पूरक ठरतात. दाणेदारपणाही कमी होतो: सरासरी घेतली तर ४ फ्रेममध्ये साधारण निम्मा, १६ मध्ये पाव. मीडियनचा फायदा थोडा कमी, पण मध्येच कोणी हात हलवला तर त्याचं भूत उमटत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर दाणे जातील, बारकावे मात्र फारसे वाढणार नाहीत.

रिअल-ईएसआरगॅन किंवा अपस्केल यांसारखी एआय साधनं मी यानंतरच उघडते, तीही दुप्पट करण्यापुरती. दगडी भिंत, झाडं, कापड यांवर ती झकास चालतात. चेहऱ्यावर जपून, कारण तिथे ती नसलेलं रचतात. २०२० मध्ये 'पल्स' नावाच्या मॉडेलने बराक ओबामांच्या पिक्सेल झालेल्या फोटोतून एक गोरा माणूस उभा केला होता. म्हणून एआयचा थर वर ठेवून चेहऱ्यावर त्याची ओपॅसिटी ३०-४० टक्क्यांवर आणायची आणि घरच्या माणसाला दाखवायचं. 'हा तो वाटत नाही' असं ते म्हणाले, की तो थर काढून टाकायचा. आकडे ओळखायचे असतील, म्हणजे गाडीची नंबरप्लेट वगैरे, तर एआय अजिबात नको. स्टॅकमध्ये जे दिसेल तेच.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, १०० टक्के झूमवर बघत. कडांभोवती पांढरी रेघ दिसू लागली की थोडं मागे या आणि टिफमध्ये सेव्ह करा.