मूल उशिरा बोलतंय-चालतंय? डॉक्टरकडं जायच्या आधी एक कागद तयार करा

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलेही असा, पोरगं मागं पडतंय असं वाटलं की घरात पहिला वाद हाच, ग्रहणात बाहेर गेली म्हणून झालं, नाहीतर सुनेच्या माहेरचंच खूळ आहे. ते सोडा ओ. बौद्धिक अपंगत्वाची कारणं डॉक्टर बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी आणि नंतर अशी शोधतात, तुम्हीही तसंच लिहा.

पोटातलं: तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं सरकारी कार्ड) काढा आणि आईचं बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन उतरवून घ्या. सुरवातीच्या महिन्यांत ताप येऊन अंगावर पुरळ उठलेलं का (रुबेला असू शकतो), फिट्सची गोळी चालू होती का, दारू होती का, तेही.

आता अवघड जागा. आपल्याकडं मामाची पोरगी करतात, काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं, आणि डॉक्टरनी विचारलं की सगळे गप्प. सांगा की! नात्यात लग्न झालं म्हणजे मूल असंच होणार असं नाही, पण नवराबायको दोघांकडं जनुकांतला एकच दडलेला दोष असायची शक्यता वाढते, त्यावरून कुठली टेस्ट करायची ते ठरतं आणि पुढच्या बाळाच्या आधी सल्लाही घेता येतो. दोन्हीकडच्या घरात कुणाला फिट्स, कोण उशिरा बोललेलं, कोण लहानपणीच गेलेलं, सगळं लिहा. डाऊन सिंड्रोमचा मात्र नात्यातल्या लग्नाशी सहसा संबंध नसतो, त्यात 21 नंबरचा क्रोमोसोम एक जास्त असतो, आईचं वय वाढलं की धोका वाढतो पण तरुण आयांच्या बाळांनाही होतो.

जन्माचं: नुसतं 'नॉर्मल डिलिव्हरी' लिहून काय उपयोग नाही. कितव्या आठवड्यात, वजन किती, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलेलं का, कावीळ किती वाढलेली, साखर कमी झालेली का. डिस्चार्ज कार्डात बहुतेक सापडतं.

नंतरचं: मेंदूज्वर, झटके, डोक्याला मार, गोवर, कुपोषण. आणि टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड बघितलेलं का? हे मुद्दाम विचारतोय, कारण जन्मतः थायरॉइड कमी असलं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी चालू झाली तर मेंदूचं नुकसान बहुतांशी टळतं, उशीर झाला तर झालेलं भरून येत नाही. टेस्ट झाली नसेल तर आत्ताच करून घ्या. कानाचीपण तपासणी करा, ऐकू न येणाऱ्या पोराला लोक उगाच मंद म्हणतात.

दीड वर्षाचं होऊन चालत नाही, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही, तर 'बापपण उशिराच बोलला' म्हणत बसू नका. अंगणवाडीत, शाळेत आरबीएसकेची (पोरांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीम येते, तपासणी फुकट, 18 वर्षांपर्यंत, त्यांना कागद दाखवा. बऱ्याच पोरांत कारण सापडतच नाही, तरी थेरपी चालू करायला कारणाची वाट बघायची नसते. कागदाची झेरॉक्स घरी ठेवा, प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारतो.