गाडी खरंच नवी, की नुसता बंपर नवा?

गणपती जवळ आले की कुडाळात हायवेला लागून असलेल्या माझ्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात एकच प्रश्न येतो : "भाऊ, नवीन मॉडेल इलाहा, घेऊ काय?" माझं सांगणं ठरलेलं. शोरूममध्ये गाडीच्या तोंडाकडे बघत बसू नका. बाजूला उभे राहा आणि दरवाजे बघा.

तोंड बदलणं त्यातल्या त्यात स्वस्त. बंपर, ग्रिल, दिवे सगळं प्लास्टिक. दरवाजा पडला पत्र्याचा. त्याचा नुसता बाहेरचा पत्रा घडवायला एकामागून एक चार-पाच डाय, म्हणजे साचे, लागतात : एकात पत्रा दाबून खोलगट करायचा, पुढच्यात कडा कापायच्या, मग त्या दुमडायच्या. पोलादाच्या या अवजड डायांत कंपनीचे कोट्यवधी अडकलेले असतात. ते वसूल व्हायच्या आधी कोण त्या भंगारात काढील? छत पेलणाऱ्या खांबांना हात लावला तर धडकेच्या चाचण्या पुन्हा मागे लागतात. बॉनेटसुद्धा हवं तेवढं खाली घेता येत नाही, कारण पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर खालच्या इंजिनावर बसू नये एवढी पोकळी ठेवावी लागते.

त्यात आपल्याकडची चार मीटरची मेख. २००६ पासून छोट्या गाडीला कर कमी. पहिली डिझायर ४१६० मिमी होती, २०१२ मध्ये ३९९५ झाली. कुऱ्हाड पडली डिकीवर! आजही चार मीटरच्या आत, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. एवढ्या चौकटीत डिझायनर कला दाखवणार ती किती?

माहितीपत्रकातला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बघा, पण त्यावरच विसंबू नका. २०१८ आणि २०२४ च्या स्विफ्टचा तो सारखाच, २४५० मिमी. मात्र मागच्या दाराचं हँडल खांबावरून दारावर आलं, म्हणजे दरवाजाच नवा. प्रदर्शनातल्या कन्सेप्टला, म्हणजे नुसत्या दाखवायच्या नमुन्याला, तर भुलूच नका. टाटाची कर्व्ह २०२२ मध्ये दाखवली, विकायला आली २०२४ मध्ये.

शेवटी पार्टच्या काउंटरवर विचारा : जुन्या मॉडेलची पुढची काच आणि दरवाजा हिला बसतो का? बसत असेल तर हा फेसलिफ्ट, म्हणजे जुन्याच गाडीला नवं तोंड. घ्यायला हरकत नाही. उलट खाऱ्या वाऱ्यात दार कुजलं की पार्ट लवकर मिळतो. फक्त आधीच्या बंपरची गाडी स्टॉकात उरलीय का ते विचारा, आणि तिच्यावर घासाघीस करा.