उबुंटूवर पॅकेज टाकताना-काढताना या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यावर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची आणि आठवड्याच्या आत मला हाक मारायची, हा आमच्या गिरगावातल्या वाडीतल्या पोरांचा शिरस्ता आहे. तक्रारही ठरलेली: "दादा, ॲप्ट चालत नाही." ॲप्ट म्हणजे उबुंटूवर पॅकेज, अर्थात प्रोग्रामचे गठ्ठे, टाकणारी-काढणारी कमांड. ती बिचारी चालत असते आणि काय बिघडलंय ते सांगतही असते. वाचतो कोण! (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा. सुरुवातीचं ‘सुडो’ म्हणजे ‘मालकाच्या अधिकाराने कर’.)

आधी जुन्या लॅपटॉपचा खास आजार. `सुडो ॲप्ट अपडेट` दिल्यावर ‘नॉट व्हॅलिड येट’ असं आलं, तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल मेला की मशीन बंद होताच तारीख मागे पळते आणि सर्व्हरवरून आलेली यादी ॲप्टला भविष्यातली वाटते. `टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू` दिलं की नेटवरून तारीख जुळते. सेल मात्र बदलावाच लागतो. हे न बघता सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेज कुठून आणायची ते लिहिलेल्या, फाइली खोडत बसलेले मी पाहिलेत.

‘अपडेट’ने फक्त पॅकेजची यादी ताजी होते; नवीन आवृत्त्या बसतात त्या ‘अपग्रेड’ने. यादी शिळी असेल तर ‘इन्स्टॉल’ला फाइल सापडत नाही, चारशे चार येतं. इतकंच.

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं की नेटवर हमखास सल्ला मिळतो, लॉकची फाइल उडवा. अजिबात उडवू नका. मशीन नुकतं सुरू झालं असेल तर मागे सुरक्षेचे अपडेट आपोआप बसत असतात आणि कुलूप त्यांनीच लावलेलं असतं. ते तोडून दुसरं काम घुसवलं की दोघं एकाच नोंदवहीत लिहायला लागतात. चहा करून या, तोवर बहुधा सुटतं.

लोकलमध्ये हॉटस्पॉटवर इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी: डाउनलोड होताना रेंज गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा तीच कमांड द्या. पण पॅकेज उलगडून बसत असताना बॅटरी संपली, तर काम अर्धवट लटकतं. तेव्हा `सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए` (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा), आणि तरी रडलं तर `सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`. त्यापेक्षा प्रवासात `--डाउनलोड-ओन्ली` लावून फाइली नुसत्या उतरवा, बसवायचं ते घरी चार्जर लावून.

आता सगळ्यात महाग चूक. आमच्याच वाडीतल्या एका मुलीला पायथनचं एक मॉड्यूल चालेना, म्हणून तिने पायथनच काढून पुन्हा टाकायचं ठरवलं. `सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३ -वाय`. उबुंटूचे कितीतरी भाग पायथनवर उभे आहेत, त्यामुळे डेस्कटॉपही सोबत गेला. त्या ‘-वाय’मुळे ‘ही पॅकेजेस काढली जातील’ ही लांबलचक यादी थांबून वाचायची संधीच मिळाली नाही. २०२१ मध्ये एका नामांकित यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवरच बेतलेल्या सिस्टीमवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना असाच डेस्कटॉप घालवला होता. ॲप्टने धोक्याचा इशारा दिला होता, ॲप्टने मागितलेलं वाक्य टाइप करून यूट्यूबरने तो ओलांडला. म्हणून एखादी वस्तू काढताना आधी `-एस` लावा: काय काय जाईल ते दिसतं, प्रत्यक्ष काही होत नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ने, म्हणजे आता गरज नसलेली पॅकेजेस काढणाऱ्या कमांडने, दाखवलेल्या यादीलाही हाच नियम.

पायथनची मॉड्यूल्स हवीत तर `व्हीएन्व्ह`, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा कप्पा, करा. `सुडो पिप` नको (पिप म्हणजे पायथनची मॉड्यूल्स टाकणारी कमांड). उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनच्या १२व्या आवृत्तीपासून तर यंत्रणाच त्याला आडवी येते.

‘रिमूव्ह’ने सेटिंगच्या फाइली मागे राहतात, ‘पर्ज’ने त्याही जातात, पण तुमच्या होम फोल्डरमधल्या तशाच राहतात. बिघडलेला प्रोग्राम पुन्हा टाकूनही तसाच बिघडलेला दिसतो, तो त्यांच्यामुळे. आणि डाउनलोड केलेली डेब फाइल (फाइलच्या रूपातलं पॅकेज) `डीपीकेजी -आय`ने बसवू नका, ते लागणारी बाकी पॅकेजेस आणून देत नाही. `सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचं-नाव` द्या, ती टिंब-तिरकी रेघ विसरलात तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज शोधत बसेल.

त्या मुलीचं पुढे काय झालं? कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं आणि `/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग` उघडली. काय काय गेलं ते तारीख-वेळेसकट तिथे लिहिलेलं असतं. नेट सुदैवाने चालू होतं. `उबुंटू-डेस्कटॉप` परत टाकलं, यादीतलं उरलेलं एकेक करून बसवलं. रात्रीच्या जेवणाला उशीर झाला, पण दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल चुकलं नाही.