जुनी गाडी विकताय किंवा घेताय? या चुका टाळा, महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरवरच्यांनी तर जास्तच

आमच्या काकांनी स्प्लेंडर विकली, पैसे मोजून घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून दिल्या, चावी दिली आणि विषय संपला असं धरून चालले. दोन वर्षांनी घरी कोर्टाची नोटीस. गाडी तिसऱ्याच माणसाकडं, अपघात झालेला, इन्शुरन्स संपलेला आणि आरसीवर नाव अजून काकांचंच. घेणाऱ्याचा पत्ता शोधायला गेलं तर काकांच्या वहीत फक्त एक आडनाव आणि एक बंद पडलेला मोबाईल नंबर, बाकी काहीच नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. चावी दिली म्हणजे गाडी गेली असं नसतंय. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंद तो मालक, आणि सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये सरळ सांगितलं की गाडी पुढं कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईला आरसीवरचा मालकच जबाबदार. त्यामुळं विकणाऱ्यांनो, घेणारा "पुढच्या महिन्यात नावावर करून घेतो" म्हणाला तरी त्याच्यावर सोडू नका. कलम ५० प्रमाणे विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं काम तुमचं आहे, घेणाऱ्याला नावावर करायला ३० दिवस असतात. तो करत नसेल तर तुम्ही स्वतः फॉर्म २९ ची कॉपी आरटीओत द्या, नाहीतर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती लॅमिनेट करून ठेवा म्हटलं तरी चालेल. कोऱ्या फॉर्मवर सही तर कुणालाच देऊ नका, एजंट ओळखीचा असला तरी. नाव, तारीख, गाडी नंबर भरल्यावरच सही.

डिलिव्हरी नोटमध्ये तारखेबरोबर वेळ पण लिहा, म्हणजे "दुपारी ४.१० ला गाडी दिली" असं. त्याच संध्याकाळी काही झालं तर हा एक आकडाच कामाला येतो. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी, दोन साक्षीदार, पैसे शक्यतो बँकेतून. आणि आपल्या बेळगाव भागात बॉण्ड, म्हणजे विक्रीचा करार, बऱ्याचदा कन्नडमध्ये टाईप होतो, ज्यांना वाचता येत नाही ते टायपिस्टच्या बोटाकडं बघून सही करतात. तसं करू नका हो, ओळ न ओळ वाचून घ्या, नाहीतर मराठीत करून मागा.

आता बॉर्डरचा विषय. चंदगड, गडहिंग्लजकडची एमएच-०९ गाडी स्वस्त मिळते, गोव्याची जीए पण मिळते, मग माणूस घेऊन येतो आणि वर्षानुवर्षं तशीच बेळगाव-निपाणीत फिरवतो. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायलाच लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, आणि मग कर्नाटकाचा लाईफटाइम टॅक्स. हा टॅक्स धरून हिशोब करा, कारण गाडी २० हजारानं स्वस्त पडली म्हणून आनंद करायचा आणि टॅक्सचा आकडा बघून घाम फुटायचा, असं बऱ्याच जणांचं होतंय. एनओसी आणून द्यायची कुणी, हे इसार देतानाच कागदावर लिहून घ्या.

लोनची गाडी असेल तर आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव असतं. "लोन भरून झालंय" ही तोंडी गोष्ट झाली, फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात येऊन एचपी (आरसीवरचा लोनचा बोजा) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आधी बघून घ्या, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते पण कळतं, आणि ई-चलान वेगळं तपासा. टू-व्हीलर असेल तर हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर फडक्यानं पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवा, मी हे टॉर्च लावून करतो.

वडिलांच्या नावावरची गाडी, वडील वारलेत आणि मुलगा विकतोय, असं असेल तर थांबा. आधी फॉर्म ३१ नं वारसाच्या नावावर होऊ द्या, मगच व्यवहार.

इन्शुरन्समध्ये एक गोंधळ हमखास होतो. थर्ड पार्टी कव्हर नवीन मालकाकडं आपोआप जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर तसं जात नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायला लागते. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) मात्र विकणाऱ्याचाच राहतो. आणि फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर दुसरा माणूस कोगनोळी आणि हत्तरगी टोल ओलांडतोय आणि पैसे तुमचे कटतायत.

घेतल्यावर इंजिन बसलं तर काय? खाजगी माणसाकडून घेतली तर जशी आहे तशी, वॉरंटी नसते, विक्रीचा कायदा १९३० तसाच आहे. पण मीटर मागं फिरवलं, अपघाताची गाडी "एकदम फ्रेश" म्हणून खोटं सांगून विकली, तर ती फसवणूक झाली आणि करार कायद्याप्रमाणे व्यवहार मोडून पैसे मागता येतात. म्हणून गाडीची जाहिरात आणि व्हॉट्सॲपवर तो काय काय म्हणाला ते डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. दोन खाजगी माणसांमधलं असेल तर दिवाणी कोर्टात जायला लागतं, डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग आहे, तिथं वकील नसला तरी चालतो.

डीलरला विकताय तर तो आरटीओकडं रजिस्टर आहे का विचारा. असेल तर फॉर्म २९सी नं ताबा दिल्याची नोंद पोर्टलवर होते आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची. काकांच्या वेळी हे नव्हतं, त्यांची पुढची तारीख अजून लागायची आहे.