शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच बटणं देता येत नाहीत: लहानांच्या अंकखेळात या चुका टाळा

"आमचा ३ वर्षांचा आहे, १०० पर्यंत घडाघडा म्हणतो!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसतं "अरे वा" म्हणून गप्प बसते. माझी भाचीही अशीच होती. पाहुणे आले की तिला मधोमध उभं करून अंक म्हणायला लावायचो, आणि त्यात सगळ्यांत पुढे मीच. एकदा शिवणाच्या डब्यातली बटणं तिच्यापुढे ओतली आणि म्हटलं, "मला पाच दे." तिने मूठभर दिली. अकरा निघाली. "मोज बघू," म्हटलं, तर बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे. काही बटणं दोनदा मोजली, दोन सुटलीच. "मग किती झाली?" विचारलं की गाडी पुन्हा एकपासून सुरू!

म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, आणि शेवटी आलेला अंक हीच सगळ्यांची मिळून संख्या, एवढं कळायला हवं. यातलं दुसरं बऱ्याच मुलांना साडेतीन-चारच्या आसपास उमगतं. त्याआधी कुणी एक नीट देतं, कुणी दोन, कुणी तीन. त्यापुढचं मागितलं की मूठच येते. म्हणून मी आता "म्हणून दाखव" म्हणतच नाही, "दे" म्हणते. दोन बरोबर आले की तीन मागायचे. थेट वीस मागणाऱ्या पालकांना कुठली घाई असते, देव जाणे. आणि मोजलेलं बटण उचलून वाटीत टाकायला लावते, म्हणजे मोजलेली आणि राहिलेली यांची सरमिसळ होत नाही.

दुसरी चूक फाशांच्या खेळातली. सोंगटी ४ च्या घरात आहे, दान २ पडलंय. मोठी माणसं "एक, दोन" करत ती सरकवूनही मोकळी होतात. सोंगटीला हात लावू नका. मुलालाच "पाच, सहा" म्हणत नेऊ द्या. लास्की आणि सिगलर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं होतं: घरांवरचे अंक म्हणत पुढे जाणारी मुलं दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा जास्त शिकली. उभं असलेलं घरच "एक" म्हणून मोजणारी मुलंही भेटतील. त्यांना मी "आधी उडी, मग अंक" एवढंच सांगते.

फाशावरचे तीन ठिपके मोजायला लावू नका. तिनापर्यंतचं नजरेलाच कळतं.

तीच बटणं लांब-लांब मांडली की "जास्त झाली" म्हणणाऱ्याला लगेच "चूक!" म्हणू नका. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे कधीच दाखवून दिलंय, आणि साधारण ६-७ वर्षांपर्यंत असं चालतं. व्याख्यान देऊन ते लवकर जात नाही, मी देऊन पाहिलंय.

पंचवीस ऐकून ५२ लिहिलं, तर रागावू नका. आपल्या भाषेत पाच आधी ऐकू येतात, विसाचा भाग नंतर.

फ्लॅशकार्ड आणि "आठ दिवसांत अंकओळख" वाल्या ॲपबद्दल मला विचारूच नका.

आणि अजून सगळं तोंडात घालणारं मूल असेल, तर बटणं नकोत. घशात अडकणार नाहीत अशी मोठी झाकणं घ्या.