ओटा, शटर्स आणि फरशी जुळवताना या चुका टाळा

किचनचं काम काढायचं ठरलं की लोक मोबाइल घेऊन येतात. फोटोत पांढरी शटर्स म्हणजे कपाटांची दारं, पांढरा ओटा, खाली राखाडी लाकडी फरशी आणि खिडकीतून आत आलेलं परदेशातलं ऊन. "असंच हवंय." मी विचारते, तुमची फरशी कुठली आहे? "बिल्डरचीच आहे." हो, पण रंग काय? इथे नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागतात.

पुण्यातल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या फ्लॅटमध्ये याचं उत्तर मला बहुतेक वेळा न विचारताच माहीत असतं: दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड. आयव्हरी म्हणजे पांढरी नव्हे. तिच्यात पिवळसर झाक असते, आणि किचनच्या निम्म्या भानगडी त्या झाकेपासून सुरू होतात.

शटर्स आधी आणि ओटा नंतर

ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, आणि सगळ्यात जास्त केली जाणारीही. मॉड्युलरच्या शोरूममध्ये गेलं की पहिल्यांदा शटरचे रंग दाखवतात, कारण त्यांना ट्रॉल्या आणि शटर्स विकायची असतात. माणूस तिथेच भुलतो, अॅडव्हान्स देऊन मोकळा होतो आणि मग त्या रंगाला शोभेल असा दगड शोधत कात्रज-कोंढवा रस्त्यावरची गोदामं पालथी घालतो.

थोडा हिशोब करा. लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये शेकडो छटा असतात. हव्या त्या क्षणी, हव्या तेवढ्या. दगडाच्या गोदामात तुमच्या बजेटमध्ये बसणारे, डोळ्यांना बरे वाटणारे आणि ओट्याला पुरतील एवढे स्लॅब मोजकेच निघतात. फरशी तर बसलेलीच आहे, तिथे पर्यायच नाही. मग ज्यात पर्याय नाही तिथून सुरुवात करायची की ज्यात शेकडो आहेत तिथून? आधी फरशी नीट बघायची, मग दगड ठरवायचा, शटर सगळ्यात शेवटी. हे मी प्रत्येकाला सांगते आणि घाई असलेला प्रत्येक जण "हो हो" म्हणून शोरूम गाठतो.

वाकडचं एक घर सांगते. काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेलं होतं, मला बोलावलं ते निस्तरायला. फ्रॉस्टी व्हाइट अॅक्रिलिकची शटर्स, वर-खाली सगळी. ओटा पांढरा क्वार्ट्झ. डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला, पांढऱ्या टाइल्स. छतात ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे पॅनल लाइट, ऑपरेशन थिएटरमध्ये शोभतील असे. काम म्हणून बघितलं तर सफाईदार, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ट्रॉल्या हात लावला की सरकत होत्या. पण वास्तूनंतर सासूबाई गावाहून आल्या, किचनच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, आज बाई आली नव्हती का?"

फरशी मळकी दिसत होती. सुनेनं ती घासली, मग कामवालीकडून घासून घेतली, मग दोघींनी मिळून. मी गेले तेव्हा कोपऱ्यात बाथरूम साफ करायच्या अॅसिडची बाटली आणून ठेवलेली होती, बूच अजून उघडायचं होतं. मी पर्समधून एक कोरा ए-फोर कागद काढून फरशीवर ठेवला. मग हॉलमध्ये सोफ्याखाली, तसाच. दोन्हीकडे फरशी कागदाशेजारी तेवढीच पिवळसर. नव्या पांढऱ्या शर्टाशेजारी जुना पांढरा शर्ट ठेवला की जुना मळका वाटतो, एवढंच झालं होतं. हॉलमध्ये शेजारी क्रीम रंगाची भिंत होती म्हणून तीच फरशी तिथे छान दिसत होती.

साहेबांचा बेत होता फरशी बदलायचा. फरशी फोडायची तर ट्रॉल्या, पाय, स्कर्टिंग सगळं उतरवा. फोडायची नाही, वरून दुसरी चिकटवायची, तर साधारण अर्धा इंच उंची वाढते. ड्राय बाल्कनीचं दार अडकतं आणि हॉलच्या सीमेवर पायरी होते. मी त्यांना आधी फक्त लाइट बदलायला लावले, ६५०० काढून ४००० केल्विन, म्हणजे जरा उबदार उजेड. तेवढ्यानं अर्धा फरक पडला. मग खालची शटर्स काढून उबदार बेज मॅट लावली, फरशीपेक्षा दोन छटा गडद. वरची पांढरीच ठेवली, ओट्याला हात लावला नाही. आता पांढरं वर राहिलं, फरशीच्या शेजारी बेज आलं आणि मधला ओटा दोन्हीकडे चालून गेला. अगदी मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही, पण बाटली बाथरूममध्ये परत गेली. खालच्या शटर्सचे पैसे मात्र दोनदा गेले.

माझी सवय सांगते. दगड बघायला निघताना फरशीचा एक तुकडा बरोबर घ्यायचा. नवीन घरात ड्राय बाल्कनीत किंवा माळ्यावर उरलेल्या टाइल्स पडलेल्या असतात. नसतील तर स्कर्टिंगचा कापलेला तुकडा साइटवर मागा. फोटो नेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनानं सुधारतो.

दगडाची झाक न बघणं

आयव्हरी फरशीला उबदार झाकेचे दगड सहज चालतात. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी लोक "काळा" म्हणून घेतात, पण त्यातले सोनेरी ठिपके आयव्हरीशी छान बोलतात. करीमनगरकडचा टॅन ब्राउनही तसाच, तपकिरी दाण्यांचा. याउलट स्टील ग्रे हा गार दगड. राखाडी फरशीवर तो देखणा दिसतो, आयव्हरीवर ठेवला की दोघंही रुसल्यासारखे दिसतात. बिल्डरनं काळा ग्रॅनाइटचा ओटा दिला असेल आणि तो धड असेल, तर तोडायच्या आधी दहा वेळा विचार करा. काळा ओटा आयव्हरी फरशीला आणि जवळपास कुठल्याही शटरला चालतो. "सगळ्यांकडे असतो" हे तो तोडायचं कारण होऊ शकत नाही.

काळा नव्यानं घेत असाल तर कापूस आणि नेलपॉलिश रिमूव्हर बरोबर न्या. हलक्या दगडाला काळा रंग पाजून विकणारे आहेत. कापूस घासला आणि काळा झाला, की आभार मानून दुकानातून बाहेर पडा.

चार इंचाच्या तुकड्यावर ओटा ठरवणं

सॅम्पलमध्ये जी शीर नाजूक वाटते ती पूर्ण स्लॅबवर नदीसारखी आडवी जाते. स्लॅब स्वतः जाऊन बघा, निवडा, त्यावर मार्करनं नाव घाला. "मिस्त्री आणेल" म्हणणाऱ्यांना मिस्त्री जे आणेल ते मिळतं, आणि मग मिस्त्रीला बोल लावून उपयोग नसतो.

अजून एक. गोदामात स्लॅब उभा असतो, घरी तो आडवा पडणार. पॉलिश केलेला दगड आडवा टाकला की खिडकीचा उजेड त्यावर सांडतो आणि रंग बदलल्यासारखा वाटतो. म्हणून मी सॅम्पल घरी नेऊन दगडाचा तुकडा जुन्या ओट्यावर आडवा, लॅमिनेटचा तुकडा त्याखाली उभा आणि फरशीचा तुकडा पायाशी, असं मांडून ठेवते. सकाळी बघायचं, आणि रात्री किचनमध्ये जे दिवे लागणार त्याच दिव्यात बघायचं. दुकानातल्या उजेडात जुळलेले दोन रंग घरच्या ट्यूबखाली फारकत घेतात, हे कित्येकदा होतं. यात एक दिवस जातो. तेवढाही नसेल तर किचन करायला घेऊ नये असं माझं मत आहे.

पांढराच हवा, मग कुठलाही

इथे माझा आवाज चढतो, माफ करा. पहिल्या दिवशी जुळलेला ओटा दोन वर्षांनी जुळलेला राहायला हवा ना? आपल्या ओट्यावर हळद असते, चिंचेचा कोळ असतो, लिंबू असतं, कढईतून उडालेलं तेल असतं. फोटोतल्या त्या घरात बहुतेक कॉफी करतात.

मूळच्या रत्नागिरीकडच्या एका कुटुंबानं हट्टानं पांढरा संगमरवर लावून घेतला. शोभत होता, नाकारत नाही. क्रीम शटर्स, खाली फिक्या लाकडी रंगाच्या टाइल्स. पण घरात आमसुलं बारमाही आणि सोलकढी दर रविवारी. काही महिन्यांनी काकू म्हणाल्या, डाग काही दिसत नाही, पण ओटा "आंधळा" झालाय. मी मान तिरकी करून खिडकीच्या बाजूनं बघितलं. भांड्यांच्या बुडाएवढी गोलं, एकात एक, चमक गेलेली. आगळाचा लाल रंग धुऊन गेला होता, आंबटानं पॉलिश खाल्लं होतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट सोसत नाही. घासून उपयोग नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं, आणि पुढच्या रविवारी परत सोलकढी असतेच. कडप्पाही चुनखडीच, त्यालाही लिंबानं पांढुरके डाग पडायचे. पण तो काळा, ओबडधोबड, आणि आजीला त्याच्यात तोंड बघायचं नसायचं. संगमरवर देवघराला लावा. तिथेही कुंकू आणि समईच्या तेलाचा विचार करून.

फिक्या ग्रॅनाइटचं दुखणं वेगळं. काश्मीर व्हाइट नावाचा दगड येतो तमिळनाडूतून; दिसायला सुरेख, बारीक मरून ठिपक्यांचा, पण पाणी आणि तेल पितो आणि कालांतरानं पिवळट पडू शकतो. मग ज्या शटरशी तो जुळवला त्याच्याशीच भांडायला लागतो. सॅम्पलवर पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप, लावल्याशिवाय आणि तो ठरावीक काळानं पुन्हा लावल्याशिवाय निभाव नाही. सीलर लावायचा कंटाळा असेल तर हा दगड घेऊ नका.

पांढरा हवाच असेल तर क्वार्ट्झ घ्या. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी राळ असते, म्हणून तो सहसा डाग पीत नाही. पण त्याच राळेमुळे उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की पिवळा डाग कायमचा. आणि सणसणीत ऊन येणाऱ्या खिडकीशी किंवा बाल्कनीत तो लावू नका, राळ पिवळी पडते.

बाकीच्या, थोडक्यात

तिन्ही गोष्टी नक्षीदार घेणं: शिरांचा ओटा, रेघांचं लाकडी लॅमिनेट, ढगाळ फरशी. एकच बोलकी ठेवा, बाकी दोघी गप्प.

उत्तरेकडच्या अंधाऱ्या किचनमध्ये काळा ओटा आणि खाली गडद अक्रोडी शटर्स: दिवसाही दिवा लावून कांदा चिरावा लागेल.

काळ्या चकचकीत ओट्यावर उघडी एलईडी पट्टी: प्रत्येक दिव्याचा ठिपका दगडात दिसतो. दुधी कव्हरच्या खोबणीत (प्रोफाइलमध्ये) ती बसवा.

फरशी नव्यानं घेताना खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर न बघणं. एकच डिझाइन, दोन बॅच, दोन रंग. चार टाइल्स जास्तीच्या आणून ठेवा.

शटरखालची स्कर्टिंगची पट्टी पांढरी घेणं. पहिल्याच पोछ्यात कळतं. मी ब्रश केलेल्या अॅल्युमिनियमची घेते, ती फरशीशीही भांडत नाही आणि शटरशीही.

एल आकाराच्या ओट्याचा जोड सिंकच्या तोंडाशी आणणं, आणि तो पांढऱ्या सिमेंटनं भरणं. दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरायला सांगा, समोर उभं राहून.

आणि ते संगमरवरी स्टिकर. ऑनलाइन रोल मिळतो, ओट्यावर चिकटवला की "नवा ओटा". सिंकच्या कडेनं पाणी आत शिरतं, शेगडीशेजारी तो आक्रसतो, खाली झुरळं संसार थाटतात. यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करायची माझी इच्छा नाही.

आधीच बिघडलं असेल तर

तोडफोड सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा दिवे बदला, ४००० केल्विनचे लावा आणि आठवडाभर तसेच राहून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर डॅडो. ओटा आणि वरच्या कपाटामधली ती दोन फुटांची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते. तिथे फरशीच्या झाकेची टाइल आली की पटकन वाटतं, सगळं ठरवूनच केलंय. त्यानंतर फक्त खालची शटर्स. सांगाडा धड असेल तर नवीन शटर जुन्याच बिजागऱ्यांवर बसतं, सुताराकडून मापं मात्र ताजी घ्या, जुन्या कोटेशनवरची नकोत. ओटा बदलायची वेळ आलीच तर सिंक आणि शेगडीची कापाची मापं आधी कागदावर लिहून दगडवाल्याला द्या, कारण तोंडी सांगितलेली मापं गोदामापर्यंत पोचेस्तोवर बदलतात.